मंगल कार्यालयाचं कोल्ड स्टोअरेज

सोमवार, एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळी अकराची वेळ. स्थळ: इंदापूरच्या अलीकडे, महामार्गाला लागून असलेलं एक मंगल कार्यालय. काम: हॉलला एसी बसवण्याचा आराखडा पक्का करणं. हजर: मी, आमच्या बारामतीच्या ऑफिसातले इलेक्ट्रिकचे मिस्त्री, कार्यालयाचे मालक, ज्यांना सगळेच तात्या म्हणतात, बुकिंग सांभाळणारी त्यांची सून, मे महिन्यात ज्यांच्याकडे लग्न आहे ते कळसचे ऊसवाले शेतकरी आणि त्यांची मुलगी, म्हणजे नवरी. शिवाय पूजेला आलेली तात्यांच्या ओळखीपाळखीतली पंधरा-वीस माणसं. पूजा आहे हे मला तिथं गेल्यावर कळलं.

मी कुठलीही बैठक अशीच लिहून ठेवते. आधी कोण होतं, मग काय ठरलं, मग कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत. फार वर्षांची सवय आहे. घर कन्हेरीला, ऑफिस बारामतीत, आणि काम म्हणजे दुकानं, दवाखाने, पतसंस्था, शोरूम यांना एसी कुठं, किती आणि कसा बसवायचा याचे आराखडे करणं. या कामात आरडाओरडा नसतो. फार तर मालक म्हणतो, मशीन दर्शनी बाजूला नको, आणि मी म्हणते, मग कुठं ते दाखवा. त्या सोमवारच्या पानावर मात्र हजर माणसांच्या खाली काहीच नाही. तेव्हा लिहायचं राहिलं ते आता लिहिते आहे.

पहिल्यांदा आम्ही तिथं गेलो ते फेब्रुवारीत. हॉल मोठा, वर पत्रा, दोन्ही लांब भिंतींना रुंद खिडक्यांची रांग, बाजूंना जेवणाच्या मांडवाकडे जाणारी दारं. मी सगळं मोजून घेतलं. लग्नाचा हॉल ऑफिससारखा मोजून चालत नाही. खुर्च्यांवर जितकी माणसं असतात तितकीच खुर्च्यांच्या मागं उभी असतात. अक्षता पडेपर्यंत एकही दार मिटत नाही. टोप्या आणि टॉवेल संपतात, पण सत्कार संपत नाहीत. प्रत्येक माणूस म्हणजे ऊब आणि घाम सोडणारी एक छोटी शेगडीच. अशा हजारभर शेगड्या गार करायच्या आणि वर त्यांना श्वासाला ताजी हवाही द्यायची. म्हणून माझ्या आराखड्याचे दोन भाग असतात. एक, गार हवा कुठून सोडायची. दुसरा, बाहेरची हवा कुठून घ्यायची आणि आतली शिळी हवा कुठून काढायची. दुसरा भाग लोकांना दिसत नाही, म्हणून तो मी आधी सांगते.

तात्यांच्या सुनेनं वहीत सगळं उतरवून घेतलं. चांगली शिकलेली, चटपटीत. तिनं विचारलं, "ताई, डिसेंबरात हळदीला पोरी कुडकुडतात. तेव्हा हेच मशीन गरम हवा देईल का?"

"देईल. तसलंच घेऊ."

ती खूश झाली. तात्या मात्र हात मागं बांधून खिडकीकडं बघत उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "गार बाहेर जातंय कुठनं, तेवढं सांगा मॅडम."

मी दाखवलं. दारांतून जातं, खिडक्यांच्या फटींतून जातं, आणि पत्र्यातून तर ऊन सरळ आत येतं. ते बराच वेळ मान हलवत राहिले. परतीच्या वाटेवर मिस्त्री म्हणाले, "तात्या त्या खिडकीकडं असं बघत होते, जसं काय तिनं त्यांच्या घरातलं काहीतरी पळवलंय."

तात्यांची द्राक्षबाग पळसदेवच्या बाजूला, उजनीच्या पाण्यावर. बागेजवळच त्यांनी स्वतः उभं केलेलं छोटं कोल्ड स्टोअरेज आहे. ते आम्ही त्याच दिवशी पाहिलं होतं. आत कुठं फट नाही, भिंती जाड, दार घट्ट, माल ओळीनं लावलेला. चार ठिकाणी ठोकर खाऊन शिकलेल्या माणसाचं काम होतं ते. मी तसं बोलूनही दाखवलं होतं आणि तात्यांनी ते फार मनावर घेतलं होतं, हे नंतर कळलं.

आराखडा पाठवला. महिनाभर उत्तर नाही. मार्च द्राक्षतोडीचा, म्हणून मीही मागं लागले नाही. मग सुनेचा फोन आला. "ताई, सोमवारी या. मामंजी म्हणतायत सगळं तयार हाय, फक्त तुम्ही नजर टाका."

तयार काय आहे ते तिनं सांगितलं नाही. मी विचारायला हवं होतं असंही म्हणता येत नाही; आराखडाच पक्का झाला नव्हता, तर तयार होण्यासारखं काही असेल असं कुणाच्या मनात येईल?

आमची गाडी कार्यालयाच्या आवारात शिरली आणि मिस्त्रींनी ब्रेक दाबला. "मॅडम, आपण पत्ता चुकलो का?"

कमानीवर नवा बोर्ड होता. नावाखाली मोठ्या अक्षरांत 'वातानुकूलित'. ते ठीक. पण हॉलला खिडक्या नव्हत्या. पूर्वेच्या भिंतीवर एकही नाही, आणि वळसा घालून गेलो तर पश्चिमेच्याही नाही. जिथं त्या होत्या तिथं सपाट गिलावा आणि त्यावर ताजा बदामी रंग. बाजूची दारंही नाहीत. फक्त पुढं एक दार राहिलं होतं आणि तेही जुनं नव्हतं. जाड, पांढरं, बाजूला सरकणारं, पत्र्याचं दार. आतल्या बाजूला प्लास्टिकच्या जाड पट्ट्या लोंबत होत्या. असलं दार मी फळांच्या गोदामाला पाहिलं होतं. लग्नाच्या हॉलला पहिल्यांदाच पाहत होते.

तात्या पांढऱ्या टोपीत, नव्या धोतरात सामोरे आले. चेहरा फुललेला. "या मॅडम, या! एक बी फट ठिवली न्हाय. तपासून घ्या."

"तात्या, खिडक्या?"

"बुजवल्या. गवंडी मोकळं हुतं मार्चात, म्हनलं घ्या उरकून. मशीनचं काय, नंतर बी बसतंय. आदी घर बंदिस्त पायजे."

मी आत गेले. दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लावलेल्या होत्या. वर पाहिलं. पत्र्याखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत थर्माकोलचे पत्रे चिकटवलेले, आणि त्यांच्याखाली शोभेसाठी पांढऱ्या कापडाच्या चुण्या ताणून बसवलेल्या. ठिणगी लागली तर काय होईल हे सांगायला कुठल्या इंजिनिअरची गरज नव्हती. स्टेजच्या भिंतीवर दोन मोठी मशीनं होती. ती तात्यांच्याच कोल्ड स्टोअरेजमधली.

"द्राक्षाचा सिझन सरला," तात्या म्हणाले. "आता पुढल्या सालापातूर मशीन रिकामंच. आन् लग्नाचा सिझन तर हाच. मग नवं कशाला घ्यायचं?"

खरं सांगायचं तर विचार वेडगळ नव्हता. रिकामं पडलेलं मशीन वापरात आणायचं, हे कुठल्याही शेतकऱ्याला सुचेल. पण बाकीचं?

"तात्या, आत माणसं बसणार. त्यांना श्वासाला बाहेरची हवा लागते. हे मशीन आतलीच हवा गार करून परत आत फेकतं."

"हवा हाय की. फेकतंय न्हवं?"

"तीच हवा, तात्या. पुन्हा पुन्हा तीच."

"मॅडम, माजी द्राक्षं महिनाभर ऱ्हात्यात आत, देठ हिरवं ऱ्हातंय. माणसं चार तास न्हाय ऱ्हायाची?"

जमलेली माणसं मोठ्यानं हसली. कुणीतरी म्हणालं, "तात्या, पावन्यांचं बी देठ हिरवं ठिवणार आता!" पुन्हा हशा. मी थर्माकोलकडं बघत होते.

"लग्नातला होम कुठं मांडणार?"

"स्टेजवर. आनी कुठं?"

स्टेजवरच्या कापडाच्या चुण्या तर सगळ्यांत खाली आलेल्या होत्या. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली.

मी तात्यांना बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. "आपण बाहेर बसून बोलू. आत्ता लगेच."

"पूजा हू द्या. गुरुजी खोळंबल्यात. मग तुमी म्हणाल तितका येळ बसू."

त्यांनी माझी कळसच्या पाहुण्यांशी ओळख करून दिली. साठीकडं झुकलेले, करड्या मिशांचे, कारखान्याचे सभासद. त्यांनी खिशातून लग्नपत्रिका काढून माझ्या हातात ठेवली. "वातानुकूलित असं छापलंय बगा. वराकडची मंडळी पुण्यावरनं यायची हायत. म्हनलं, आमच्या हितं उन्हात बसवलं असं व्हायला नगं." मुलगी शेजारी उभी होती, बी. फार्म झालेली, हातात फोन. ती स्टेजच्या मागं नवरीची खोली कशी केली आहे ते बघून येते म्हणाली आणि गेली.

पूजा म्हणजे मशीनला हार, नारळ, आणि ऊद. तात्यांच्या बागेतल्या कोल्ड स्टोअरेजला दर सिझनच्या आधी असाच ऊद घालतात, दारं सताड उघडी ठेवून. इथं तात्यांनी दार ओढून घ्यायला लावलं. "गार बाहेर जाईल." गोवरीच्या विस्तवावर ऊद पडला आणि धूर वर गेला. वर थर्माकोलला लागून तो पसरला आणि खाली यायला लागला. जायला त्याला जागाच नव्हती. माणसं खोकायला लागली. सून प्रसादाचं ताट आणते म्हणून बाहेर गेली आणि दार तिच्या मागं आपोआप सरकून बसलं.

"पावनं, मान तुमचा," तात्या नवरीच्या बापाला म्हणाले. "दाबा बटण."

त्यांनी हात जोडले आणि बटण दाबलं. दोन्ही मशीनं घरघरली. एक गार झोत अंगावर आला. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, "आरं वा, महाबळेश्वर!" आणि कुठंतरी काहीतरी ठप्प वाजलं.

अंधार झाला.

बारा वाजून गेले होते, एप्रिलची भर दुपार होती. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. आणि आत मला माझा स्वतःचा हात दिसत नव्हता. दिवे जातात, आपल्याकडं रोज जातात, पण दिवे गेले की खिडकीतून उजेड असतो, हे आपण इतकं धरून चालतो की तो नसेल हे डोक्यात येत नाही.  मग धुरात कुणाला तरी जोराचा ठसका लागला, एक बाई ओरडली, आणि सगळी माणसं एकदम दाराच्या दिशेनं निघाली.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. खुर्च्या पडण्याचा, प्लास्टिकच्या पट्ट्या फटाफट अंगावर आपटण्याचा, आणि मग धप्, धप्, धप्, अंगांनी दारावर दिलेल्या धक्क्यांचा. दार सरकणारं होतं. ते बाजूला ओढायचं असतं. पण अंधारात घाबरलेला माणूस दार ओढत नाही, ढकलतो. मागचे पुढच्यांना ढकलत होते, पुढचे दाराला, आणि जितकं ढकलत होते तितकं ते दार आपल्या खाचेत घट्ट बसत होतं.

"ढकलू नका! बाजूला सरकवा!" मिस्त्री माझ्या शेजारून ओरडत होते. "आरं सरकवा की लेको, सरकवा!" कुणी ऐकत नव्हतं. मी फोनची बॅटरी लावली. धुरात तिचा नुसता एक पांढरा गोळा झाला. त्या उजेडात माझ्यापुढं फक्त पाठी होत्या, एकमेकींना चिकटलेल्या.

मग उजेडाची एक उभी रेघ दिसली. ती रुंद झाली. सुनेनं बाहेरून दार ओढलं होतं. प्रसादाचं ताट तिच्या पायाशी पडलेलं होतं आणि माणसं तिला बाजूला सारत उन्हात जाऊन पडत होती.

बाहेर लिंबाखाली कुणी पाणी पीत होतं, कुणी ओकत होतं. तात्यांची टोपी कुठंतरी गेली होती. मी माणसं मोजायला लागले. ते मी मुद्दाम करत नव्हते, हात आपोआप बोटं दुमडत होता. मोजता मोजता थांबले.

"नवरी कुठं आहे?"

तिच्या वडलांचा चेहरा मी पाहिला आणि लगेच नजर काढून घेतली. ते आत पळाले. मागून मिस्त्री, मागून मी. धूर अजून तसाच होता. स्टेजवर चढून आम्ही मागच्या खोलीत शिरलो. माझ्या बॅटरीच्या उजेडात ती दिसली. आमच्याकडं पाठ करून उभी. दोन्ही तळवे मागच्या भिंतीवर टेकलेले. बोटांची नखं गिलाव्यात रुतलेली होती आणि गिलाव्याची पांढरी भुकटी मनगटापर्यंत उतरली होती.

वडलांनी खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली. मग हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, हितं दार हुतं. आपल्या ताईच्या लग्नात ह्याच दारानं आमी बाहीर गेलो हुतो. मी शोधत हुते."

दार होतंच तिथं. फेब्रुवारीत मी ते मोजलं होतं. आता ते विटांनी भरून वर गिलावा केलेला होता. अंधारात तिनं ते आठवणीनं शोधलं होतं आणि बरोबर त्याच जागी ती उभी होती.

मी बाहेर येऊन लिंबाच्या पारावर बसले.  मला वाटत होतं, वीसच माणसं होती. ऊद होता, होम नव्हता. धूर होता, जाळ नव्हता. आणि मेमध्ये त्याच हॉलमध्ये हजार माणसं, म्हातारी, लहान पोरं, स्टेजवर पेटता होम आणि वर थर्माकोल. पुढचा विचार मी करतच नव्हते. तो आपोआप डोळ्यांपुढं यायचा आणि मी मान हलवून तो घालवायची.

तात्या पारावर माझ्या शेजारी बसले.  मग म्हणाले, "मशीन धकलं न्हाय. लोड जास्ती झाला. मोठी केबल टाकली की..."

"तात्या," मिस्त्री म्हणाले, आवाज अगदी शांत, "द्राक्षाच्या पेटीला अंधाराची भीती वाटत न्हाय. ती दाराकडं पळत न्हाय."

 मला तात्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. ज्या गोष्टीत आयुष्यभर हात मुरला तीच त्यांनी इथं केली होती, मन लावून.

नवरीचे वडील मात्र गप्प बसणाऱ्यातले नव्हते. "तात्या, माजी पोरगी आत गाडली असती. तुमाला काय वाटतंय का?"

"वाटतंय म्हंजी? माजी बी सूनबाई..."

"तुमची सूनबाई बाहीर हुती. माजी आत हुती."

"मग काय करू? नाक घासू का?"

"नाक घासून भिंतीला भोक पडत आसंल तर घासा!"

त्यावर सुनेनं तोंडाला पदर लावला. ती रडत होती की हसू दाबत होती ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

हॉल बदलायचा प्रश्न निघाला. सुनेनं तिथल्या तिथं सात-आठ कार्यालयांना फोन लावले. भिगवण, निमगाव, थेट बारामतीपर्यंत. त्या तिथीला एकही रिकामं नाही. पत्रिका वाटून झालेल्या. वराकडच्यांना काय सांगायचं? वडील उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे.

मग मुलगीच बोलली. तोपर्यंत ती नळावर हात धुवत बसली होती. भुकटी गेली होती, पण नखांच्या कडा लाल झाल्या होत्या.

"आप्पा, हॉल बदलू नका. हितंच करू." मग तात्यांकडं वळून, "तात्या, खिडक्या फोडा. वरचं सगळं काढा. बाजूची दारं उघडा. आन् माज्या खोलीचं ते मागचं दार. ते उघडलं तरच मी त्या खोलीत बसणार. न्हायतर मी बाहीर मांडवातच उभी ऱ्हाईन, माज्या लग्नात."

तात्यांनी मान खाली घातली. "फोडतो खिडक्या. आजच."

"आन् दार?"

तात्या टोपी शोधायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तिथं होते. ज्या गवंड्यांनी बुजवल्या त्यांनीच खिडक्या मोकळ्या करायला घेतल्या, आणि पहिला हातोडा सुनेनं मारला. मारला म्हणजे चांगला दणकून मारला, नंतर म्हणाली, "ताई, मला काल रात्रभर त्या धप् धप्चाच आवाज येत होता." थर्माकोल खाली उतरवला. तो एका ट्रॉलीत मावला नाही. कापडाच्या चुण्या निघाल्या. बाजूची दारं उघडली, सगळी बाहेरच्या दिशेनं उघडणारी. पुढचं सरकतं दार बागेवर गेलं, जिथं त्याची जागा आहे. होमाची जागा स्टेजवरून खाली, मोकळ्या बाजूला आणली. गुरुजींनी जरा कुरकूर केली, मग दिशा जुळते म्हणाले.

मशीनचं काम मी नव्याने मांडलं. द्राक्षाची मशीनं लग्नाला चालणार नाहीत, हे तात्यांनी मान्य केलं. पूर्ण यंत्रणा मेच्या आत बसत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. तेव्हा ठरलं ते असं की या लग्नापुरते मोठे हवेचे कूलर बाहेरच्या बाजूनं, खिडक्यांमधून बाहेरची हवा आत घेणारे. समोरच्या भिंतीला वर हवा बाहेर काढणारे पंखे. आणि जनरेटर आधीच जोडून, चालवून पाहिलेला. एसी पावसाळ्यानंतर, पूर्ण आराखड्याप्रमाणं, ताज्या हवेसकट. बोर्डावरचं 'वातानुकूलित' सुनेनं स्वतःच झाकलं. पत्रिकेतलं तेवढं झाकता येत नाही. नवरीच्या वडलांनी वराकडच्यांना फोन करून सांगितलं. तिकडून उत्तर आलं, "आम्ही पण खेडेगावातलेच आहोत हो, पंखा चालेल." वडील दोनदा म्हणाले, "बगा, उगाच मी..."

राहिलं ते मागचं दार.

ते दार तात्यांनी केवळ गारव्यासाठी बुजवलं नव्हतं, हे मला सुनेकडून कळलं. खोलीच्या मागची जमिनीची पट्टी तात्यांच्या चुलतभावाची. त्यांना सगळे आबा म्हणतात. मागं त्यांची पेरूची बाग आहे. पूर्वी नवरीची गाडी त्यांच्याच रानातून यायची, कुणी काही म्हणत नव्हतं. मग मोजणी झाली, शब्दाला शब्द वाढला, आबांनी भिंतीला लागून तारेचं कुंपण घातलं आणि बोलणं बंद झालं. दार तसंही उघडत नव्हतंच. तात्यांनी विटा लावल्या तेव्हा एक प्रकारे आबांच्या तोंडावरच दार बुजवलं.

"तुमी जा मॅडम," तात्या मला म्हणाले. "तुमचं ऐकतील. माजं नाव काढू नका."

मी गेले. आबा बागेत ठिबकच्या नळ्या सरळ करत होते. वय तात्यांच्याच आसपास, अंगानं सडपातळ. त्यांनी मला पारावर बसवलं, घरातून चहा आला. मी सगळं सांगितलं. अंधार, धूर, पोरीची नखं. ते ऐकत राहिले. नखांचं ऐकताना त्यांनी हातातली नळी खाली ठेवली.

"कुंपण मी उद्या काडतो," ते म्हणाले. "त्यात काय हाय? पोरीबाळींचा प्रश्न हाय."

मला इतकं हलकं वाटलं की मी चहाचा कप ठेवायच्या आधीच उठले.

"पर येक ऱ्हायलं, ताई."

मी थांबले.

"दार माज्या रानात उघडणार. आन् विच्यारायला कोन आलं? बारामतीची बाई. त्यो का न्हाय आला? हितनं हाक मारली तर ऐकू जाईल त्याला, इतकं जवळ घर हाय. त्येला सांगा, येऊन येकदा म्हन, आबा, दार उघडतो. बास. पाया पडू नको, माफी मागू नको. नुसतं येऊन म्हन."

मी तात्यांना तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांनी टोपी डोक्यावरून काढली, पुन्हा घातली. "बगतो," म्हणाले.

सुनेनं समजावून पाहिलं. तात्यांच्या मुलाला पुण्याहून फोन करायला लावला. नवरीचे वडील दोनदा येऊन गेले आणि आले की फक्त मागच्या भिंतीकडं बघून जायचे. काल मी तात्यांना म्हटलं, चला, मी सोबत येते, पायीच जाऊ. ते उठले, अंगणापर्यंत आले. मग बागेतून फोन आला म्हणाले आणि गाडीत बसून पळसदेवकडं निघून गेले.

लग्न पुढच्या आठवड्यात आहे. कूलर आले, पंखे लागले, जनरेटर चालवून पाहिला. गवंड्याला मी सांगून ठेवलं आहे की निरोप आला की त्याच तासाला यायचं, हातोडा घेऊनच. काम अर्ध्या दिवसाचंही नाही.

बाकी: तात्यांनी आबांच्या घरी जायचं.